पेजचं नाव बदलायला गेले, पेजच गेलं

गेल्या वर्षीचा मार्च. गच्चीवर ब्याडगी आणि संकेश्वरी वाळत पडलेली, देठं खुडायला दोन बायका बसलेल्या, घरात जो येईल तो ठसकतोय, आणि त्यात फोन. "ताई, आज भाजी कुठली हाय?"

डबे बंद करून सव्वादोन वर्षं झाली होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सांगलीत घरी विलगीकरणात असलेल्यांना मी डबे पोचवायचे, तेव्हा भाच्यानं फेसबुकवर पेज काढून दिलं होतं. आमचं आडनाव आणि पुढं 'यांचे घरगुती डबे'. डब्यांबरोबर लोक कांदा-लसूण मसाला मागायला लागले. पुढं डबे सुटले, मसाला राहिला. पेजवर साडेअकरा हजार माणसं जमली होती. पण नाव डब्यांचंच. रोज दोन-तीन फोन भाजीचे, एखादा "रविवारी गोड काय?" असा.

म्हणून मी नाव बदलायचं ठरवलं. 'घरगुती मसाले' टाकलं. नामंजूर. 'कांदा-लसूण मसाला' टाकलं. तेही नामंजूर. कारण तिथंच लिहिलेलं असणार, पण इंग्रजीत आणि लांबलचक. मी वाचलं नाही. कांडपवाल्याकडं नंबर लावायचा होता.

मग मी ते केलं, जे करायला नको होतं. बायकांच्या उद्योगाचा एक ग्रुप आहे, तिथं विचारलं: पेजचं नाव कुणी बदलून देतं का?

अर्ध्या तासात मेसेंजरवर निरोप आला. फोटोत कोट घातलेला तरुण मुलगा आणि त्याच्या खांद्यापाशी निळी टिक. मला वाटलं, अधिकृत दिसतोय. खरी टिक नावाच्या शेजारी येते, फोटोच्या आत नाही. त्याची टिक त्यानं फोटोतच चिकटवलेली होती, जशी लग्नाच्या आल्बममध्ये स्टुडिओवाले मागं ताजमहाल चिकटवतात. पण हे आज सांगतेय.

बोलायला मात्र गोड. "ताई, टेन्शन घेऊ नका, आपलंच काम आहे. मराठी माणसाला आपण जास्त लावत नाही." दर १,५०० रुपये. निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. मी ७५० पाठवले. त्यानं माझ्या मनातली शंका मीच विचारायच्या आत सोडवली: "एकदम डब्यावरून मसाल्यावर उडी मारली की सिस्टीम रिजेक्ट करते. आपण पायऱ्या-पायऱ्यानं जाऊ. आधी 'किचन', मग 'मसाले'." पेजचा विषयच बदलून टाकणारं, लोकांची दिशाभूल करणारं नाव फेसबुक मंजूर करत नाही, हे खरंच आहे. त्याचं निम्मं बोलणं खरं होतं, आणि त्या खऱ्यावरच मी फसले.

मग म्हणाला, "मला पेजचा ॲक्सेस द्या. फुल कंट्रोल."

इथं मी जरा थांबून सांगते, कारण सगळी मेख इथं आहे. पेजवर दुसऱ्या माणसाला दोन तऱ्हेनं घेता येतं. एक, नुसती कामं वाटून द्यायची: तू पोस्ट टाक, तू मेसेजना उत्तरं दे, तू जाहिरात बघ. दुसरी, पूर्ण ताबा द्यायचा. आणि नाव बदलायचा अधिकार फक्त पूर्ण ताबा असणाऱ्यालाच असतो. म्हणजे "मी तुमच्या पेजचं नाव बदलून देतो, मला आत घ्या" असं जो म्हणतो, तो मुळात पेजच मागत असतो. त्याचा हेतू चांगला असला तरी मागणी तीच. खरंच मदत करायची असेल तर तो शेजारी बसेल नाहीतर फोनवर सांगेल, आणि बटण तुम्ही दाबाल.

मी ते बटण दाबलं. त्या पडद्यावर सरळ लिहून येतं की हा माणूस इतरांना, अगदी तुम्हालासुद्धा, काढू शकेल आणि पेज पुसूनही टाकू शकेल. वर पासवर्ड पुन्हा विचारला जातो. उंबऱ्यावर दोनदा अडवलं मला. माझ्या हाताला मिरचीचं तिखट लागलेलं, म्हणून लेकीला म्हटलं, "तू टाक गं पासवर्ड." तिनं टाकला. ती विचारत होती, "आई, हे वाचलंस का?"

दुसऱ्या दिवशी नाव बदललेलं! आमचं आडनाव आणि पुढं 'होम किचन'. मी खूश. उरलेले ७५० लगेच पाठवले, वर "मसाल्याची पुडी पाठवू का, पत्ता द्या" असंही लिहिलं. तो म्हणाला, "नको ताई, तुमचा आशीर्वाद पुरे. फक्त आता सात दिवस पेज उघडू नका, काही टाकू नका. नाहीतर रिक्वेस्ट कॅन्सल होते."

सात दिवसांची गोष्टही निम्मी खरी. एकदा नाव बदललं की सात दिवस पुन्हा बदलता येत नाही. पण पेज उघडायला, पोस्ट टाकायला कुणीही मना करत नाही. ते त्याचं त्यानं जोडलं. आणि मीही शहाण्या मुलीसारखी पेजकडं फिरकले नाही. दिवसभर कांडपावर, रात्री पॅकिंग. बरंच वाटलं उलट, भाजी विचारणारे फोन थांबले होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फोन आला. तासगावचे एक निवृत्त गुरुजी, माझं जुनं गिऱ्हाईक. आवाज दबलेला.

"ताई, मिक्सर कधी येणार?"

"कसला मिक्सर, गुरुजी?"

"तुमच्या पाडवा सेलमधला. ५९९ ला. मी दोन घेतले, एक सुनेला."

मी म्हटलं, गुरुजी, मी मसाला विकते. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "पण खाली तुमच्या मसाल्याचे फोटो आहेत. मी स्वतः लिहिलेलं आहे तिथं, 'उत्तम दर्जा, वेळेवर पोच'."

लेकीच्या फोनवरून पेज शोधलं, कारण माझ्या फोनवर ते माझं म्हणून दिसतच नव्हतं. मला काढून टाकलेलं. वर लाल-पिवळं पोस्टर, 'पाडवा महासेल', मिक्सर, कुकर, नॉनस्टिक तवे, सगळं ३९९ आणि ५९९. खाली स्क्रोल केलं की माझ्या गच्चीवरच्या मिरच्या. डब्यांचे फोटो त्यानं काढून टाकले होते, मसाल्याचे मुद्दाम ठेवले होते. त्याखाली लोकांनी पाच वर्षांत लिहिलेलं: "ताईंचा माल म्हणजे डोळे झाकून." माझा फोन नंबरही तसाच. पैसे घ्यायचा क्यूआर कोड तेवढा वेगळा.

त्याला माझे दीड हजार नको होते, हे तेव्हा उमगलं. त्याला ती साडेअकरा हजार माणसं हवी होती, आणि त्यांनी लिहिलेलं ते "डोळे झाकून". नवीन पेज काढून मिक्सर विकायला बसला असता तर कुत्रं फिरकलं नसतं. नाव बदलताना माणसं मागं राहत नाहीत. लाइक, शेरे, फोटो सगळं नव्या नावाखाली जातं. माझ्यासाठी जी सोय होती, तीच त्याच्यासाठी.

भाच्यानं मग एक जागा दाखवली, जी मी पाच वर्षांत कधी उघडली नव्हती. कुठल्याही पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' असतं. तिथं पेज कधी निघालं, आधीची नावं कोणती, कधी बदलली, आणि पेज चालवणारे कुठल्या देशात आहेत, ते दिसतं. आमच्या पेजची सगळी कुंडली तिथं होती: मे २०२०, डबे. मग किचन. बरोबर आठव्या दिवशी सेल. गुरुजींनी ते उघडलं असतं तर त्यांना कळलं असतं की कालपर्यंत डबे विकणारा आज मिक्सर विकतोय. पण गुरुजींनी माझ्या भरवशावर घेतलं, ते कशाला उघडतील?

पुढचे चार दिवस फक्त फोन. मिरज, विटा, इस्लामपूर. काही शिव्या देणारे, काही रडणारे. एक बाई म्हणाली, "तुम्हीच असाल सामील." तिला काय उत्तर देणार? मी वहीत नावं लिहीत गेले. मला कळलेली नऊ. त्यातल्या एकीनं पैसे गेल्यावर अर्ध्या तासात १९३० ला फोन केला होता, तिची रक्कम पुढं बँकेत अडवली गेली. बाकी आठ जण माल येण्याची वाट बघत बसले. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, आणि तिथं घड्याळ बघूनच काम होतं: पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उडायच्या आत कळवलं तर धरता येतात. मी माझे ७५० नि ७५० बारा दिवसांनी कळवले.

राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, तिचा पोच क्रमांक घेऊन पोलिसांकडं गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "पेज हॅक झालं की तुम्ही दिलं?" मी म्हटलं, दिलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. आयटी कायद्यातली ६६-ड, तोतयेगिरी करून फसवणूक, असं लिहून घेतलं. मी बरोबर छापून नेलं होतं: सगळे मेसेज, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ट्रान्सपरन्सीच्या पानाचे फोटो. हे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पेज पुसलं गेलं की तेही जातं. फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडंही लिहिलं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. तिथवर जायची वेळ आली नाही. मधेच एक दिवस पेज दिसेनासं झालं. कुणी काढलं, सेलवाल्यानं की आणखी कुणी, ठाऊक नाही. साडेअकरा हजार माणसं त्याबरोबर गेली.

आणि ऐका, एवढं होऊनही मी दुसऱ्यांदा फसता फसता राहिले. "माझं पेज चोरीला गेलं" असं त्याच ग्रुपवर लिहिलं, तर तासाभरात सात जण हजर. "रिकव्हरी एक्स्पर्ट." एकाच्या तर नावातच 'सपोर्ट सेंटर'. ३,००० रुपये, काम झाल्यावर द्या म्हणाला, फक्त फोनवर येणारा कोड आत्ता सांगा. मी कोड वाचायला चष्मा शोधत होते. लेकीनं फोन हातातून काढून घेतला. रडणाऱ्याच्या दारातच हे लोक दुकान मांडून बसलेले असतात. ग्रुपवर रडू नका, घरात रडा.

नाव बदलायला पैसे लागतात का, असं अजूनही बायका विचारतात. एक रुपया लागत नाही. पेजवर जाऊन सेटिंग्जमध्ये नाव, तिथं बदल, पासवर्ड, आणि वाट बघायची. तपासायला तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. नावाखालचं ते @ वालं युजरनेम वेगळं असतं, ते आपणहून बदलत नाही. लेबलं छापायला टाकायची ती मंजुरी आल्यावरच. माझी एक मैत्रीण आधी दोन हजार लेबलं छापून बसली.

आणि माझं नाव दोनदा नामंजूर का झालं, ते मला गुरुजींनी सांगितलं. त्यांचे ११९८ मी मसाल्याच्या रूपात परत करायला तासगावला गेले होते. त्यांनी घेतला नाही, चहा दिला. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी लेकीला फेसबुकचा तो नियम वाचायला लावला. नुसत्या सर्वसाधारण शब्दांचं नाव चालत नाही, असं तिथं होतं. गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो, 'घरगुती मसाले' हे सामान्यनाम आहे! त्यांना विशेषनाम पाहिजे. हे चौथीच्या पोराला कळतं." म्हणजे पुढं आडनाव ठेवलं असतं, तर बहुधा पहिल्याच फटक्यात झालं असतं. कोटवाल्या पोराची गरजच नव्हती.

आता नवं पेज आहे. पूर्ण ताबा माझ्याकडं आणि लेकीकडं, दोघींच्या खात्यांना फोनवरच्या कोडचं दुसरं कुलूप. नाव आडनावासकट, विशेषनाम. माणसं २१२.

या एप्रिलमध्ये गुरुजींचा फोन आला. अर्धा किलो कांदा-लसूण पाहिजे म्हणाले. मी नेहमीसारखा पैसे पाठवायचा नंबर सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"ताई, राग मानू नका. पैसे मसाला हातात आल्यावर."

मी म्हटलं, चालेल गुरुजी. एसटीनं पाठवते.