सेल्फ ड्राइव्ह गाडी, तीन जंगर आणि माझी ॲक्टिव्हा

लग्न डिसेंबरात झालं आणि जानेवारीत आम्ही चार दिवस कोकणात गेलो. स्वतःची गाडी नाही. सासरे म्हणत होते एसटीनं जा नाहीतर ड्रायव्हरवाली घ्या, पण आम्हाला हायवे नको होता, समुद्राच्या कडेकडेनंच जायचं होतं, जिथे वाटेल तिथे थांबायचं होतं आणि पुढे तिसरा माणूस बसलेला नको होता, म्हणून पुण्यातूनच सेल्फ ड्राइव्ह गाडी बघितली. दिवसाला २,८०० भाडं, १५,००० डिपॉझिट. ओळखीतल्या कोणीतरी गाडीमालकाचा नंबर दिला होता. आणि डिपॉझिटशिवाय तारण म्हणून एक टू व्हीलर ठेवायची, असं तो म्हणाला. 'सगळेच ठेवतात मॅडम, गाडी घेऊन लोक पळून जातात.' ते पटलं पण. माझी माहेरची ॲक्टिव्हा नेऊन लावली, आदल्या दिवशीच टाकी फुल केलेली.

पहाटे साडेपाचला गाडी ताब्यात दिली. ही वेळ त्यानंच ठरवली होती, हे आता लक्षात येतं. बेसमेंटमध्ये एक ट्यूबलाइट, बाहेर अंधार, आम्ही मोबाईलचा टॉर्च लावून गाडीभोवती एक चक्कर मारत व्हिडिओ काढला आणि आपण केवढे हुशार असं वाटून घेतलं. ॲग्रीमेंट फोनवर, इंग्रजीत, सतरा-अठरा कलमं, खाली बोटानं सही. माझा नवरा घरी येणाऱ्या पार्सलवर जेवढ्या विचारानं सही करतो तेवढ्याच विचारानं त्यानं ती केली. गाडीची पाटी पांढरी होती. भाड्यानं द्यायच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, पांढरी पाटी म्हणजे प्रायव्हेट, आणि प्रायव्हेट गाडी भाड्यानं फिरताना काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. हे मला कधी कळलं, तर परत आल्यावर.

निघताना त्यानं विचारलं कुठे जाताय. म्हटलं हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे. तर म्हणाला, 'मस्त! मग जंगरनंच जा, फिरून कशाला जाताय, गाडी बोटीवर चढवायला मजा येते.' (जंगर म्हणजे माणसं आणि गाड्या खाडीपार नेणारी सपाट बोट.) त्याचं हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

ट्रिप सुंदर झाली, खोटं कशाला बोलू. ताम्हिणीतून उतरलो, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला पहिला जंगर, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. तिथून पुढे रस्ता असा की एका वळणावर समुद्र उजवीकडे अगदी खाली दिसतो आणि पुढच्या वळणावर नुसती काजूची झाडं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघत उभे राहिलो, समोर सुवर्णदुर्ग. दुसऱ्या दिवशी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीच्या खाडीवरून. जंगरवर रिव्हर्सनं गाडी चढवायची, तो पोरगा शिट्टी मारत हातानं 'या या या' करत असतो आणि मागे फूटभर अंतरावर दुसऱ्याची गाडी, नवऱ्याला जानेवारीत घाम फुटला होता. मुक्काम गुहागरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरात मागचं डावं चाक बसलेलं. पंक्चरवाले काका जॅक घेऊन आले, खाली वाकले आणि तसेच थांबले. म्हणाले, 'ताई, जॅक इथे नाय लावत हा, इथली पट्टी दबलीय. जुना मार आहे, गंज बघा केवढा चढलाय.' मी वाकून बघितलं सुद्धा. दरवाज्याच्या खाली जी पट्टी असते ती बोटभर आत गेलेली, रंग उडालेला, आणि आत तांबडा, भुसभुशीत गंज. मी 'बरं' म्हटलं. एवढंच. त्या क्षणी एक फोटो काढून मालकाला पाठवला असता तर आज हे लिहायची वेळच आली नसती. पण मी फोटो काढला तो नवऱ्याचा, नवीन जॅकेट घालून उकिडवा बसून टायर धरलेला, आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला, 'जावईबापू कामाला लागले'.

तिथून हेदवी. तिथली बामणघळ म्हणजे खडकातली चिंचोळी भेग, भरतीला तिथे लाटांचं पाणी उंच उडतं. ओहोटी होती त्यामुळे पाणी काही उडालं नाही, कोरडीच बघून आलो. आणि त्याच ओहोटीमुळे तवसाळला जंगरवर चढताना रॅम्पचा चढ जास्त झालेला, गाडीच्या पोटाखाली 'खर्रर्र' असा आवाज झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जयगडला उतरल्यावर नवऱ्यानं वाकून बघितलं, काही दिसलं नाही, पण मनात ते राहिलं. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, रविवारी सकाळी आरे-वारेचा रस्ता, आणि मग आंबा घाटानं वर.

रात्री साडेनऊला गाडी द्यायला गेलो. हा माणूस गाडीभोवती फिरलाच नाही. सरळ मागच्या डाव्या चाकाशी जाऊन बसला, टॉर्च मारला, 'अरेरे सर, हे काय केलंत!' पुढचा-मागचा बंपर नाही, काच नाही, डिकी नाही, थेट तिथे. आपल्या घरातला दिव्याचा स्विच अंधारात सापडतो ना, तसं. आणि आम्हाला ते तेव्हा खटकलं नाही, कारण आमच्या डोक्यात तवसाळचा खर्रर्र वाजत होता. आम्हीच मनातून गुन्हेगार होतो.

मग त्यानं फोन काढला. गाडीला ट्रॅकर होता. मॅपवर आमची गाडी खाडीच्या मधोमध, निळ्या रंगात एक ठिपका. 'गाडी पाण्यावर न्यायची नाही, कलम चौदा.' म्हटलं अहो तुम्हीच सांगितलं जंगरनं जा. तर म्हणे, 'मी? मी कशाला सांगेन मॅडम, खाऱ्या हवेनं गाडी सडते.' खाऱ्या हवेचंच असेल तर अख्ख्या दापोलीत एक गाडी शिल्लक राहिली नसती.

हिशोब तयारच होता. पाण्यावर नेल्याचे १०,०००, खालच्या माराचे ८,५००, गाडी दोन दिवस गॅरेजला राहणार म्हणून बुडालेलं भाडं ५,६००. झाले २४,१००. डिपॉझिट वजा जाता अजून ९,१०० द्या, नाहीतर ॲक्टिव्हा मिळणार नाही, चावी त्याच्या खिशात. नवरा म्हणाला पोलिसांना बोलावतो, तो म्हणाला बोलवा, सही तुमची आहे. सकाळी नऊला दोघांचं ऑफिस, सुट्टी संपलेली, अंगाला वाळू. घासाघीस करून ६,००० यूपीआय केले आणि गाडी सोडवली. म्हणजे भाडं सोडून २१,००० गेले.

सोमवारी आईचा फोन आला, जावयाचं कौतुक, 'अगं तो टायर धरलेला फोटो किती छान आलाय.' मी फोटो उघडला आणि झूम केला. जावईबापूंच्या खांद्यामागे ती पट्टी, ती दबलेली, तांबड्या गंजासकट. शनिवार सकाळी ८:४७. तवसाळच्या आधी. आणि नवीन माराला दोन दिवसांत असा गंज चढत नाही, हे सांगायला पंक्चरवाले काकाच पुरे आहेत.

फोटो त्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, मग डीपी गायब. आता ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ नंबर, तक्रार टाकली आहे, सोबत तो फोटो, ६,०००चा यूपीआय स्क्रीनशॉट आणि ॲग्रीमेंटची पीडीएफ. 'जंगरनं जा' तो तोंडी बोलला, त्याचा पुरावा शून्य. कोणी अशी गाडी घेत असाल तर रूट व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, 'जंगरवर नेली तर चालेल ना' असं सरळ विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. उजेडात गाडी घ्या. व्हिडिओ काढताना खाली झोपा, कपडे मळले तरी चालतील, चारही चाकांच्या आतून आणि दरवाज्याखालच्या पट्ट्यांचा काढा. वाटेत मेकॅनिक काही बोलला तर हसण्यावारी नेऊ नका, तिथल्या तिथे मालकाला फोटो पाठवा. आणि तारण म्हणून स्वतःची गाडी, ओरिजिनल लायसन्स, सही केलेला चेक मागितला तर तिथूनच मागे फिरा. डिपॉझिट अडकलं तर माणूस भांडतो, पण स्वतःची गाडी अडकली की रात्री दहा वाजता काहीही कबूल करतो.

आणि हो, ॲक्टिव्हा घेऊन निघालो तर कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. टाकीत थेंब नाही. चार दिवस तो माझ्या गाडीवर फिरत होता.