आठ महिने घरचा साबण: जमलेले घाणे, फसलेला घाणा आणि हरवलेलं ८० ग्रॅम तेल

घटस्थापनेला साबण ओतायचा आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला काढायचा, एवढाच बेत होता. मध्ये चार आठवडे मिळतात आणि साबण मुरायला कमीत कमी तेवढे लागतातच. आता जून लागला. अकरा घाणे झाले, घरातली चौघं त्याच साबणाने अंघोळ करतात, विकतची वडी फक्त पाहुण्यांसाठी असते. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. बरं झालं थांबले.

आम्ही परभणीत राहतो. माझ्या माहेरी शेताच्या कडेने करडई असायची, काट्यामुळे जनावर आत शिरत नाही म्हणून, आणि वर्षाचं तेल त्यातूनच निघायचं. आता सगळीकडे सोयाबीन, पण लाकडी घाण्यावर करडईचं तेल अजून मिळतं. तेच साबणात घालायचं हा माझा हट्ट. या हट्टाची किंमतही मोजली, ते पुढे येईलच.

माझं सुरुवातीचं माप असं: खोबरेल ४००, करडई ३००, शेंगदाणा २५०, एरंडेल ५०. म्हणजे एकूण १००० ग्रॅम तेल. त्याला, तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा १४७ ग्रॅम, पाणी २९५ ग्रॅम. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. खोबरेलच्या एका ग्रॅमला ०.१८३ ग्रॅम, करडई-शेंगदाण्याला ०.१३६ च्या आसपास, एरंडेलला ०.१२८. सगळ्याची बेरीज १५४ होते. त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी करायचं, म्हणजे थोडं तेल साबणात तसंच मोकळं राहतं आणि कातडी ओढली जात नाही. झाले १४७.

आता वापरातल्या वस्तूंबद्दल. वजनकाटा स्वयंपाकघरातला साधा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चालतो, पण दोन मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो. खोबरेल धार लावून ओतताना मधेच आकडा गेला की माणूस कासावीस होतं. हँड ब्लेंडर घेतला तो पैसा वसूल. त्याआधी रवीने घुसळत होते, पाऊण तास. लाकडाची रवी कॉस्टिकमध्ये तिसऱ्या घाण्यालाच कुसळायला लागली. लाइट गेली तर अजूनही तीच काढते, पण फार तर पाच मिनिटं. मिश्रण पिठल्यासारखं झालं, पळीतून पडलेली धार वर घडी धरून राहिली, की थांबायचं. सिलिकॉनचा साचा चांगला, पण साबण त्यात फार दिवस ओलसर राहतो. मी आता चहाच्या रिकाम्या खोक्याला आतून बटर पेपर लावते.

एक गोष्ट आधीच सांगते. जर्मनचं भांडं नको. पहिल्याच वेळी कॉस्टिकच्या पाण्यात चुकून जर्मनची पळी बुडवली. फसफसून बुडबुडे आले, पळी काळी पडली आणि घरभर उग्र वास. अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, तोच पेट घेणारा. स्टीलचंच पातेलं घ्यायचं. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. पाणी हां हां म्हणता चहाइतकं गरम होतं. डोळ्याला चष्मा, हातात मोजे, आणि लेकरं त्या वेळी शेजाऱ्यांच्या घरी.

तर जानेवारीतली गोष्ट. आधीचे चार घाणे छान निघाले होते, म्हणून पाचवा निवांतपणे केला. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायला घेतल्या तर सुरी लागताच कडेने तुकडे उडाले. पाक कडक झालेली खोबऱ्याची वडी तुटते ना, तशी तुटत होती. वर पांढरी भुकटी. मला वाटलं भुकटी नेहमीचीच, उरलेल्या कॉस्टिकला हवा लागली की वर धुण्याच्या सोड्याचा थर येतो, धुतला की जातो. पडलेले तुकडे मोरीत ठेवले. सासूबाईंनी त्यातल्या एकाने हात धुतले आणि आतूनच ओरडल्या, "कामून झोंबायलंय गं हे?"

त्यांचे हात भरपूर पाण्याने धुवायला लावले. मग मी तुकडा ओला करून त्यावर बोट फिरवलं आणि ते बोट जिभेच्या टोकाला नुसतं टेकवलं. चौकोनी सेलला जीभ लावल्यावर बसतो तसा चटका बसला. म्हणजे कॉस्टिक मोकळं राहिलं होतं, आणि वरच्या भुकटीत नाही, आत. मधून कापलेला तुकडाही तसाच चावला.

सासूबाईंनी हळद लावून बघायला सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तशी कॉस्टिकनेही लाल होईल. झाली. पण मग मी दिवाळीच्या घाण्यातली मुरलेली वडी घेतली, तिच्यावरही हळद लाल. साबण कितीही चांगला असला तरी मुळात आम्लाच्या उलट गुणाचाच असतो, हळदीला दोन्ही सारखेच. त्यामुळे हळदीची परीक्षा इथे कामाची नाही.

आता संशयित शोधायला बसले. पहिला संशय थंडीवर. परभणीची जानेवारी माहीत असेल त्यांना सांगायला नको, खोबरेल बाटलीतच तुपासारखं थिजलेलं असतं. ते चोवीस अंशांखाली गोठतंच. गार तेलाने मिश्रण दाट दिसतं, आपल्याला वाटतं साबण धरला, पण धरलेली असते ती नुसती चरबी. पण त्या दिवशी मी तेल नीट पातळ करून घेतलं होतं आणि ब्लेंडरही पुरेसा फिरवला होता. तो मुद्दा निकाली.

दुसरा संशय काट्यावर. काटा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला, त्यांचं छापाचं अर्धा किलोचं वजन ठेवून बघितलं. ४९९. काटा निर्दोष.

मग तीन आठवडे मी साबणाला हातच लावला नाही. खरं सांगते, राग आला होता.

उत्तर मिळालं ते तेलाच्या घाण्यावर. करडईचं तेल आणायला गेले तर घाणेवाल्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, किलोनं देऊ का लिटरनं?" हा प्रश्न मी इतके दिवस ऐकत होते आणि "कसंही द्या" म्हणत होते. त्या दिवशी विचारलं, काय फरक पडतो? त्यांनी माझ्याकडे बघितलं, लिटरचं माप भरून काट्यावरच्या डब्यात ओतलं आणि आकडा दाखवला. "लिटर म्हणलं की नऊशे दहा-पंधराच भरतंय. किलो येगळा, लिटर येगळा."

घरी येऊन शेंगदाणा तेलाची पिशवी उलटी केली. छापलेलंच आहे: १ लिटर, ९१० ग्रॅम. इतकी वर्षं फोडणी घालते, कधी वाचलं नाही.

चूक इथेच होती. मी कॉस्टिक आणि पाणी काट्यावर मोजत होते, पण तेल मोजत होते मापाच्या पेल्याने. ४०० मिली खोबरेल म्हणजे ४०० ग्रॅम धरलं, ते प्रत्यक्षात ३६८. करडईचं ३०० मिली म्हणजे २७६. शेंगदाणा आणि एरंडेलही तसंच. १००० समजून घातलेलं तेल भरलं ९२०. त्या ९२० ग्रॅमला सगळं मिळून १४२ ग्रॅम कॉस्टिक पुरतं, मी घातलं १४७. पाच टक्क्यांची जी मोकळीक ठेवली होती ती तर गेलीच, वर पाच ग्रॅम कॉस्टिक उरलं.

पण मग आधीचे चार घाणे कसे जमले? मापाचा पेला तर तेव्हाही तोच होता. याने मला जास्त छळलं. शेवटी माळ्यावर जुन्या कॉस्टिकचा डबा सापडला. ते मी सुटं आणलं होतं, दुकानातल्या उघड्या पोत्यातून, पातळ पिशवीत. आत बघितलं तर पापड्या एकमेकींना चिकटलेल्या, ढेकळं झालेली. जानेवारीत घेतलं ते मात्र बंद बरणीतलं, हलवलं की कोरडं वाजणारं. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं, आणि हवेच्याच संगतीने त्याचा थोडा भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. त्यामुळे जुनं १४७ ग्रॅम म्हणजे खरं कॉस्टिक त्याहून कमी. दहा टक्के जरी कमी धरलं तरी हिशेब जुळतो. तेल कमी, कॉस्टिकही अशक्त. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं आणि मी समजत होते की माझा हात बसला.

बिघडलेला घाणा टाकला नाही. सगळ्या वड्या मोजे घालून किसणीवर किसल्या, स्टीलच्या पातेल्यात घातल्या, ते पातेलं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलं, वरून अर्धी वाटी पाणी आणि जे ८० ग्रॅम तेल राहून गेलं होतं तेच शेंगदाण्याचं मोजून घातलं. या वेळी काट्यावर. मंद आचेवर दोन तास. मधे त्याचं उपीट झालं, मग शिरा, मग लापशी, शेवटी अर्धपारदर्शक चिकट गोळा. साच्यात दाबून बसवला. दिसायला ओबडधोबड, पण तीन आठवड्यांनी जिभेला काही लागलं नाही. तुकडा चावत असेपर्यंत अंगाला लावायचा नाही, एवढं पाळा.

तेलही काट्यावर आलं, चुका संपल्या असं मात्र झालं नाही. फेब्रुवारीत उत्साहाने करडई ६० टक्के केली. साबण मऊ, फेस बेताचा, तरी अंगाला सुंदर. मेमध्ये पारा चढला आणि त्या वड्यांवर नारंगी ठिपके उठले, वास तळणाच्या जुन्या तेलासारखा खवट. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, पोटाला ते चांगलं म्हणतात, पण साबणात तेच आधी खराब होतं. आता करडई २० टक्क्यांवर आणली, आणि वड्या माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात, कागदात गुंडाळून.

आणि बोअरचं पाणी. आमच्याकडचं पाणी इतकं जड की घरच्या साबणाची बादलीत पांढरी साय धरते, लाल बादलीवर कडं उमटतं. केस धुतले तर जटा. हा साबणाचा दोष नाही, पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं. आता दर घाण्याला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात आधी विरघळवते आणि त्यासाठी कॉस्टिक ६ ग्रॅम वाढवते, कारण तेवढं ते ॲसिड खाऊन टाकतं. साय पूर्ण जात नाही, पण कडं आता बोटाने निघतं. केसांना मी अजूनही शिकेकाईच लावते.

खर्च विचाराल तर एक वडी मला तीसेक रुपयांना पडते, त्यात खोबरेलचाच वाटा मोठा. स्वस्तासाठी कुणी यात पडू नये. हिवाळ्यात टाचा आणि पिंढऱ्या फुटायच्या त्या या वर्षी कमी फुटल्या, धाकट्याची खाजही कमी वाटते. साबणाने का तेल लावायला लागल्याने, ते मी छातीठोक सांगणार नाही.

तो दुरुस्त केलेला घाणा जवळपास संपला. शेवटच्या दोन वड्या सासूबाईंनी आपल्या ट्रंकेत टाकल्यात. वापरायला काढा म्हटलं तर म्हणाल्या, "असू दे. तुझं पुन्हा बिघडलं म्हंजे?"