मंच्युरियन: बसून खायचं की पार्सल आणायचं?

चार वर्षांनी नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या जुन्या चायनीजमध्ये गेलो. लाल कंदील तेच, धूळ तेवढी वाढलेली. आदल्याच आठवड्यात तिथलंच पार्सल घरी मागवलं होतं, त्यामुळे तुलना आपसूक झाली.

पार्सल सोयीचं, यात वाद नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कोण बाहेर पडतं बाप्पा! पण घरी येईस्तोवर मंच्युरियनचं वाटोळं होतं. तळलेले गोळे डब्यातल्या वाफेनं मऊ पडतात, कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही गार होऊन थिजते. हक्का नूडल्सचा तर एकच गठ्ठा. काटा लावला की सगळा वर येतो.

तीच प्लेट टेबलावर येते तेव्हा कांदा-सिमला मिरची करकरीत असते आणि तापलेल्या लोखंडी कढईचा तो किंचित जळका वास असतो. भडक आचेवर मिनिट-दोन मिनिटांत परतल्याचा हा वास डब्यात टिकत नाही. शिवाय व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांची वाटी. पार्सलमध्ये तिची पुडी येते, तीही कधी विसरतात.

याला अस्सल चिनी मात्र म्हणू नका. मंच्युरियन मुंबईचं, १९७५ मध्ये शेफ नेल्सन वँग यांनी केलेलं, असं मानतात. नूडल्सचं हक्का हे नाव कोलकात्यात वसलेल्या हक्का या चिनी समाजावरून आलेलं.

बसून खाताना बिल थोडं जास्त झालं, वीस मिनिटं वाटही पाहिली. सूप मी अजूनही पार्सलच आणीन, त्याचं फारसं बिघडत नाही. नूडल्स आणि मंच्युरियन खायला मात्र तिथंच जाईन, पंख्याखालचं टेबल मिळालं तर.