‘अगदी गाय आहे’ म्हणून विकलेलं तट्टू

घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाने सात आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी दलालाकडून तट्टू घेतलं. ‘आठ वर्षांचं आहे, अगदी गाय!’ रविवारी अकराची वेळ ठरली. दोन्ही मुलं दोरीवर चार-चार फेऱ्या मारून आली, तट्टूने कानसुद्धा हलवला नाही. येऊरच्या तबेल्यात आणल्यावर चौथ्या दिवशी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ते चावायला धावलं आणि दुडकीला पुढचा डावा पाय लंगडू लागला. पशुवैद्यकाने तोंड उघडलं तर वय पंधराच्या पुढे. दलालाचं उत्तर ठरलेलं: ‘तुमच्याकडे येऊन बिघडलं.’

कान न हलणं हीच पहिली खूण होती. शांत जनावराचे कान सतत चालू असतात, एक तुमच्याकडे, एक रस्त्याकडे. खालचा ओठ लोंबलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान खाली, नर असेल तर लिंग बाहेर सुटलेलं, हे गुंगीच्या औषधाचं चित्र आहे. उभ्याने डुलकी घेणाऱ्या घोड्याचाही ओठ लोंबतो, पण टाळी वाजवली की तो लगेच सावरतो. एसप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाचा अंमल काही तास टिकतो. पसंती, पैसे आणि टेम्पोत चढवणं एवढं सगळं त्यात उरकतं. लंगडणं वेदनाशामकाने झाकतात, ते उतरायला दिवस लागतात. तिसऱ्या युक्तीला औषधही लागत नाही: पहाटेपासून पळवून दमवायचं, नाहीतर महिनाभर अर्धपोटी ठेवायचं. असं बरगड्या दिसणारं तट्टू घरी चार आठवडे हरभरा आणि ओट खाऊन वेगळंच जनावर होतं, आणि मग मुलांना पाडतं.

म्हणून ठरल्या वेळेच्या दोन तास आधी पोचा. खोगीर चढलेलं असेल किंवा तंगाच्या जागी घामाचे डाग असतील तर परत फिरा. मोकळं असेल तर पकडण्यापासून सगळं डोळ्यांसमोर करायला लावा: खरारा, चारही खूर उचलणं, खोगीर, लगाम. मग आधी विकणाऱ्याच्या माणसाला बसवा. तो बसायला कां-कूं करत असेल तर मुलाला बसवायचा प्रश्नच नाही. कडक जमिनीवर, सैल दोरीवर, सरळ दुडकी चालवून पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं आणि चांगल्या पायावर खाली येतं. मऊ मातीत हे लपतं, आणि दलाल मातीतच दाखवतो. छत्री उघडा, मोटरसायकल जवळून न्या. दचकणं चालेल, उधळणं नाही. आठवड्याने न सांगता पुन्हा जा.

वय दातांवरून. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीने पडतात, पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येऊन तोंड भरतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाच्या सुमारास हिरडीजवळ एक खाच दिसू लागते, पंधराला ती अर्ध्या दातापर्यंत येते, विसाला पूर्ण. पंधरा वय वाईट नाही. निरोगी, मुलांना सरावलेलं म्हातारं तट्टू चार वर्षांच्या देखण्या तरुण तट्टूपेक्षा कितीतरी बरं. फसवणूक वयात नाही, खोट्या वयात आणि झाकलेल्या पायात आहे. नवशिक्यासाठी घोडी किंवा खच्ची केलेला नर घ्या, अख्खा नर नको, कितीही गोड दिसला तरी. या वयाच्या मुलांना 11 ते 12 हात उंची पुरते (एक हात म्हणजे 4 इंच). खोगिरासह स्वाराचं वजन तट्टूच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको.

पशुवैद्यक तुमचा असावा, विकणाऱ्याचा नव्हे. तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन जपून ठेवायला सांगा. पुढे वाद झाला तर गुंगी आणि वेदनाशामक त्यातच सापडतं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी वेगळी. हा रोग माणसालाही होतो, म्हणून अहवाल येईपर्यंत तट्टू इतर घोड्यांत नेऊ नका.

पावतीवर रंग, उंची, वय, पांढरे पट्टे आणि अंगावरचे भोवरे जागेनुसार लिहून घ्या. लोक भोवरे शुभ-अशुभासाठी मोजतात, पण त्यांचा खरा उपयोग दाखवलेलं आणि पोचवलेलं तट्टू एकच आहे ना हे ताडायला होतो. दोन आठवड्यांत परत घेण्याची अट त्याच कागदावर, सहीसह. वरच्या कुटुंबाकडे फक्त मोबाईलवरून पैसे गेल्याचा मेसेज आहे, आणि त्यात तट्टूचा उल्लेखही नाही.