आयनॅचरलिस्ट ॲप: तपकिरी शैवालासाठी नोंदवही उत्तम, जाणकार बेताचा

सार्गासम म्युटिकमसारख्या पसरणाऱ्या शैवालाच्या नोंदी ठेवायला आयनॅचरलिस्ट हे मोफत ॲप छान आहे; त्यात सजीवाचा फोटो टाकला की ॲप आणि इतर वापरणारे नाव सुचवतात. जातीचं नाव मात्र त्याच्या भरवशावर ठरवू नका. ॲप नावं सुचवतं ती पहिल्या फोटोवरून. ओल्या तपकिरी ढिगाऱ्याचा लांबून काढलेला फोटो दिला, तर सार्गासम आणि हॅलिड्रिस या दुसऱ्या तपकिरी शैवालात गल्लत होणारच. त्यात दोष ॲपचा कमी. फोटोत ओळखखूणच नसते.

फांदी धुऊन वाळू काढा, पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरा, शेजारी मोजपट्टी ठेवा. वायुकोशांचा, म्हणजे शैवाल तरंगवणाऱ्या हवेच्या फुग्यांचा, जवळून काढलेला फोटो पहिला लावा. त्याच नोंदीत संपूर्ण शैवाल, पानं आणि खडकाला धरून ठेवणारी बुडाची चकती. म्युटिकमचे वायुकोश गोल, बारीक देठावर, साधारण 2-3 मिमीचे. हॅलिड्रिसचे शेंगेसारखे लांबट, आत आडवे पडदे. उभा छेद दिला की शंका उरत नाही. मुख्य दांडा आडवा धरला तर म्युटिकमच्या फांद्या दोरीवरच्या कपड्यांसारख्या लोंबतात, तोही फोटो घ्या. हंगाम संपला की फांद्या गळून बुंधाच उरतो. तेव्हा ‘सार्गासम’ एवढंच लिहून थांबावं.

‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे ओळख पक्की मानल्याच्या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. दोघांचं एकमत झालं तरी तो मिळतो, आणि दुसऱ्याने नुसतं ‘सहमत’ दाबलेलं असू शकतं. शैवालाचे जाणकार मोजकेच.

खरी उणीव नकाशात आहे. मूळची पूर्व आशियातली म्युटिकम ही जात कालवांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) बियाण्याबरोबर उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर गेली. 1973 मध्ये ती इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर रुजलेली सापडली. एकाच रोपावर नर-मादी दोन्ही अवयव असतात आणि तुटलेली फांदी तरंगतानाही जननक्षम राहते, म्हणून ती इतक्या झपाट्याने पसरते. पण किनाऱ्यावर वाहून आलेली फांदी म्हणजे तिथे रुजलेलं शैवाल नव्हे. नकाशावर मात्र दोन्हींचा ठिपका सारखाच. ॲप आपणहून विचारत नाही, तेव्हा टिपणात ‘खडकाला चिकटलेलं’ की ‘वाहून आलेलं’ हे दर वेळी लिहा. शेतीच्या दोरांवरच्या वाकामे या खाण्याच्या तपकिरी शैवालाला ‘लागवडीचं’ अशी खूण न विसरता करा, नाहीतर तीही जंगली म्हणून मोजली जाते.