किती रिश्टरचा, आणि कुणाच्या घरी?

चुलतभावाचा मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जपानला चाललाय. परवा भावाचा फोन आला, “दादा, भूकंप बघायला तू काय वापरतोस? एकच सांग.” एकच सांगता येईना, म्हणून हे लिहायला बसलो.

मी भूकंपशास्त्राचा माणूस नाही. पाटण तालुक्यातला आहे, एवढीच पात्रता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली तेव्हा सहा वर्षांचा होतो. आजीने गोधडीसकट उचलून अंगणात आणून ठेवलं, एवढं आठवतं. पुढे फळीवरची भांडी वाजली तरी घरात कुणी मान वर करत नसे. आता मुलगी सहा वर्षं टोकियोत, एदोगावा भागात राहते. स्वतःच्या पायाखाली हललं तर न घाबरणारा मी, तिच्या पायाखाली काय होतंय ते बघायला फोन उशाशी घेऊन झोपायला लागलो.

सुरुवात केली ती एका फुकटच्या ॲपने. नाव घेत नाही, अशी डझनभर आहेत. इकडून तिकडून आकडे गोळा करायचे, नकाशावर लाल ठिपके टाकायचे आणि मध्ये जाहिराती. ‘जपान, ५ च्या वर’ अशी खूण करून ठेवली होती. एका रात्री पावणेबाराला ते किंचाळलं : ५.८, जपान. मी उठून फोन लावला. तिकडे सव्वातीन वाजलेले. तिसऱ्या रिंगला तिने उचलला. “बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?” भूकंपाचं विचारायला फोन केलाय हे कळल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ग्लासातलं पाणीसुद्धा हललं नाही इथे.” तो धक्का दक्षिणेला दूर समुद्रात होता, जमिनीखाली चारशेहून जास्त किलोमीटर. ॲपसाठी मात्र तो ‘जपान’च.

असं त्या तीन महिन्यांत चारदा झालं. चौथ्या वेळी जावईबापूंनी फोन उचलला, तेव्हा मी थांबलो.

पुढचं सगळं या एका जाचातून ठरलं आहे, हे आधीच सांगतो. ज्यांची गरज वेगळी, त्यांचं उत्तरही वेगळं निघेल.

आपल्याकडे बातमीत ‘४.५ रिश्टर तीव्रतेचा धक्का’ असं छापतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. जमिनीत किती ऊर्जा सुटली हा एक आकडा; तो एका भूकंपाला एकच. तुमच्या घरात किती हललं हा दुसरा. तो गावोगाव, कधी गल्लोगल्ली वेगळा. परिभाषेत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, पण बोलताना आपण दोन्हींना तीव्रताच म्हणतो. जपानी माणूस पहिल्याला मॅग्निट्यूड म्हणतो आणि दुसऱ्याला शिंदो, आणि टीव्हीवर भूकंपाची पट्टी आली की आधी शिंदो बघतो. ३० मे २०१५ ला ओगासावारा बेटांजवळ झालेला भूकंप जपानच्या हिशेबाने ८.१ चा होता. जवळजवळ ६८० किलोमीटर खोल. देशाच्या सगळ्या ४७ प्रांतांत जाणवला, पण शहरं उभीच राहिली. आपल्या किल्लारीचा १९९३ चा भूकंप सव्वासहाच्या आसपासचा. उथळ होता, दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. नुसत्या आकड्यावर घंटा वाजवणारं ॲप पहिल्याला मोठी घंटा देईल आणि दुसऱ्याला छोटी.

ते ॲप काढून टाकल्यावर खरी निवड दोघांत होती. एक अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं, यूएसजीएस; दुसरं पॅरिसजवळचं भूकंप केंद्र, ईएमएससी. दुसऱ्याच्या नावात युरोप आणि भूमध्य समुद्र आहे, पण बघतं ते सगळ्या जगाकडे.

यूएसजीएसबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे फारसं काही नाही. प्रत्येक भूकंपाचं एक स्वतंत्र पान, त्यावर कुठे किती हललं त्याचा रंगीत नकाशा, लोकांनी कळवलेले अनुभव, आणि मोठा असेल तर अर्ध्या तासाच्या आसपास जीवितहानी-वित्तहानीचा अंदाज, हिरव्यापासून लालपर्यंत रंगांत. त्यांची ईमेलची सोय मला सगळ्यात आवडते. नकाशावर आपला भाग आखायचा आणि दिवसा किती आकड्याच्या वर, रात्री किती आकड्याच्या वर कळवायचं ते वेगवेगळं सांगायचं. ज्याने ही दिवस-रात्रीची युक्ती काढली, त्याचीही मुलगी परदेशात असावी.

तरी दरवाजा आकड्याचाच आहे. कुठे किती हललं हे त्या पानावर असतं, पण तिथपर्यंत आपण जायचं, आणि जाईपर्यंत जीव घशाशी आलेला असतो. शिवाय अमेरिकेबाहेरचे साधारण साडेचारच्या खालचे धक्के तिथे मिळतीलच असं नाही. आणि लहान, पण अगदी घराखालीच झालेला धक्काच तर माणसाला अंथरुणातून उठवतो.

ईएमएससीचं ॲप, लास्टक्वेक, उलट्या टोकाने सुरू होतं. ते आधी माणसं काय करतायत ते बघतं. जमीन हलली की लोक फोन उघडतात, ‘आत्ता भूकंप झाला का’ म्हणून शोधतात. एखाद्या शहरातून अशी झुंड एकदम साइटवर आली की तिथे काहीतरी जाणवलंय हे त्यांना यंत्रांचं गणित पुरं व्हायच्या आतच कळतं. ॲपचा सगळा भर ‘जाणवलेल्या’ भूकंपांवर आहे. तुम्हाला किती जाणवलं हे सांगायला शब्द लागत नाहीत, चित्रं आहेत : झोपलेला माणूस, हलणारा दिवा, पडणारं कपाट. आमच्या सौ.ने चष्मा न लावता भरून दाखवलं.

माझं मोजमाप सांगायचं तर ते वापरायला लागल्यापासून मी मुलीला अवेळी एकदाही उठवलेलं नाही. याला कुणी शास्त्र म्हणणार नाही, पण घरात शांतता आहे.

त्याच्या उणिवाही आहेत. लोकांच्या शेऱ्यांत काय वाट्टेल ते असतं. एकाच गल्लीतल्या एकाला ‘भयानक’ आणि दुसऱ्याला ‘काहीच नाही’ वाटलेलं असतं. आणि जिथे ॲप वापरणारेच थोडे, तिथे ते मुकं राहू शकतं. माणसं हा त्याचा भूकंपमापक, माणसंच नसतील तर मोजणार काय?

आणखी एक गोष्ट, इथे मात्र मी नमतं घेतो. ३० जुलै २०२५ ला आपल्याकडे पहाट होती तेव्हा रशियाच्या कामचात्काजवळ ८.८ चा भूकंप झाला. पहिला आकडा ८.० आला, मग ८.७, मग ८.८. जपानच्या होक्काइदोत शिंदो जेमतेम २. टोकियोत मुलीला तर पत्ताच नव्हता. पण पॅसिफिकच्या सगळ्या किनाऱ्याला त्सुनामीचा इशारा लागला, लाखो लोकांना उंचावर जायला सांगितलं. त्या दिवशी ‘किती जाणवलं’ या प्रश्नाला काही अर्थ नव्हता. समुद्राचा तळ किती उचलला गेला तोच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आकड्याजवळ होतं. म्हणून यूएसजीएसची ईमेल बंद केलेली नाही. दिवसा साडेसहा, रात्री साडेसात.

बरं, मुलगा जपानलाच जाणार असेल तर खरं म्हणजे या दोघांच्या आधी तिथल्या हवामान खात्याचंच पान. शिंदो ० ते ७, त्यात ५ आणि ६ चे प्रत्येकी दोन भाग, म्हणजे दहा पायऱ्या. शिंदो ३ किंवा जास्त असेल तर दीडेक मिनिटात कुठल्या भागात किती ते जाहीर होतं. इंग्रजीतही आहे. मुलगी आता मला फक्त आकडा पाठवते, ‘२’ किंवा ‘३’. पहिल्यांदा ‘४’ आला तेव्हा मी ‘काय?’ विचारलं, तर ‘कपाटातून वाटी पडली’. इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याच नकाशावर मिळालं नव्हतं. पण हे जपानपुरतं. जगात दुसरीकडे इतकी दाट यंत्रं फार थोड्या ठिकाणी आहेत.

आपल्या घरच्यासाठी दिल्लीच्या नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजीचं ‘भूकंप’ ॲप. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला, तेव्हा परभणीच्या मेहुण्यांना मी तिथलाच आकडा सांगितला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत जी बारीक बारीक हादऱ्यांची रांग लागली, तसले धक्के जगाच्या यादीत शोधू नका, इथेच बघा. एक मात्र ध्यानात ठेवा. ‘खोली १० किमी’ असं लिहिलेलं दिसलं की ती मोजलेलीच आहे असं समजू नये. जवळची यंत्रं अपुरी असतील तर खोली नीट ठरत नाही आणि गणितासाठी १० धरून चालतात. ही रीत जगभर आहे. कोयनेवाल्यांना अजूनही ‘हेळवाकच्या नैऋत्येला इतके किलोमीटर’ ही पेपरातली ओळच जास्त कळते, मलासुद्धा.

यातलं काहीही पूर्वसूचना नाही, हेही भावाला सांगून टाकलं. धक्का सुरू झाल्यावर दूरच्या गावाला काही सेकंद आधी कळवायची जपानची व्यवस्था २००७ पासून लोकांसाठी आहे, ती वेगळी. बाकी सगळं झाल्यानंतरचं.

ज्वालामुखीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे घाई वेगळ्या जातीची असते. अमेरिकेतली स्मिथसोनियन ही संस्था आणि यूएसजीएस मिळून दर आठवड्याला जगातल्या चालू ज्वालामुखींचा अहवाल काढतात, २००० सालापासून. वाचायला फार छान. रविवारी चहाबरोबर मी वाचतोच. पण २०२५ च्या जूनमध्ये भाचा बालीला निघाला होता आणि त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबी लाकी-लाकी ज्वालामुखीने राख उडवली. बालीची बरीच विमानं रद्द झाली. सुरेख अहवाल हातात पडला तेव्हा भाचा बॅगा उघडून परत कामावर रुजू झाला होता.

विमानाचा प्रश्न असेल तर राखेच्या सूचना देणारी जगात नऊ केंद्रं आहेत, त्यांची पानं बघा. इंडोनेशिया ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडे, जपान टोकियोकडे. मजकूर तारेच्या भाषेतला असतो. वेळ ग्रीनिचची, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ‘एफएल ४५०’ म्हणजे ४५ हजार फूट. दोनदा वाचलं की जमतं. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख अरबी समुद्र ओलांडून गुजरात-राजस्थानवरून दिल्लीपर्यंत आली, तेव्हा फ्रान्समधल्या तुलूझ केंद्राच्या नकाशावर तिचा पट्टा सरकताना बघत बसलो होतो. टीव्हीवाले ‘विषारी ढग’ म्हणून ओरडत होते; नकाशात मात्र ती बरीच उंचावर होती.

डोंगर चढायचा असेल तर त्या देशाचीच पातळी बघायची. इंडोनेशियात चार पायऱ्या आहेत आणि सगळ्यात वरची ‘आवास’. आपल्याला घरकुल योजना आठवते. तिथे तो शब्द सावध व्हायचा आहे. जपानमध्ये १ ते ५. पण या पातळीवर मी भूकंपाच्या आकड्याइतकाही भरवसा ठेवत नाही. २७ सप्टेंबर २०१४ ला तिथला ओंताके ज्वालामुखी फुटला तेव्हा पातळी १ होती, म्हणजे ‘सर्वसामान्य’. शनिवारची दुपार, शिखरावर गर्दी. ६३ माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी पातळी १ चं नावच बदललं. आता तिथे ‘हा जागृत ज्वालामुखी आहे हे ध्यानात ठेवा’ अशा अर्थाचं लिहितात.

तर भावाला मी शेवटी असं कळवलं : मुलाच्या फोनवर जपानी हवामान खातं, तुझ्या फोनवर लास्टक्वेक, आणि हौस असेल तर यूएसजीएसची ईमेल. एकच ठेवायचं म्हणालास तर लास्टक्वेक, असं माझं आपलं मत. तू आकड्यांचा माणूस आहेस, तुला कदाचित दुसरं पटेल. फक्त त्याचा आवाज बाकीच्या सगळ्या आवाजांपेक्षा वेगळा लाव. मी लावला नव्हता, त्यामुळे अजून दूधवाल्याचा ‘उद्या सुट्टी’ असा मेसेज आला तरी माझा हात आधी चष्म्याकडे जातो.