स्विफ्टला मागे बार लावला, सात महिने झाले, खरं काय ते सांगतो

गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, व्हीएक्सआय, रनिंग साधारण ७२ हजार. पुण्यात राहतो, गाव चिपळूणजवळ, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी ताम्हिणी नाहीतर कुंभार्ली घाट ठरलेलाच. गाडीवर माझा जीव आहे पण घाटात वळणावर ती ज्या प्रकारे एका अंगावर कलायची ना, मागे बसलेली आई दरवाजाच्या वरचं हँडल धरून "अरे हळू, हळू" करत यायची आणि मी असायचो ४० वर. त्यात वळण जरा आवळत गेलं की पुढचं नाक बाहेर जायचं, स्टिअरिंग अजून फिरवावं लागायचं.

तर हे कलणं आवरायला मी बार, म्हणजे गाडीला मागे आडवे लावायचे धातूचे दांडे, एक नाही दोन घेतले, आणि त्यातल्या एकाचे पैसे फुकट गेले हे आधीच सांगून टाकतो.

पहिला म्हणजे डिकीत आडवा बसतो तो, दोन्ही बाजूच्या शॉकअपच्या (खड्ड्यांचे हादरे जिरवतो तो) वरच्या टोकांना जोडणारा. लाल रंग, दिसायला एकदम भारी, डिकी उघडली की मित्र "आयला!" करतात. साडेचार हजार दिले. फरक? सांगायचं तर डिकीतला एक बारीक खडखड आवाज कमी झाला, बस. नंतर कारण कळलं. पुढच्या बाजूला स्विफ्टला मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, सगळा भार वरच्या टॉवरवर, म्हणजे तो बॉडीत जिथे बसतो त्या जागेवर, येतो, तिथे असा आडवा बार कामाचा असतो. मागे तसं नाही. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, गाडीचं वजन स्प्रिंगवर बसतं आणि शॉकअपच्या वरच्या टोकाला त्या मानाने कमीच जोर येतो. मग तिथे बार लावून आवळायचं काय? हे मला घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर साडेचार हजारात चार माणसं सुरमई थाळी जेवून आली असती.

आणि दुसरी गोष्ट, मे महिन्यात गावाहून येताना आंब्याच्या पेट्या. डिकी मुळात २६८ लिटरची, त्यात मधोमध हा बार, पेटी आत जाईना. भर उन्हात अंगणात बसून पान्याने बार काढला, मागच्या सीटखाली टाकला, वडील काही बोलले नाहीत पण बघत होते.

आता दुसरा बार, तो खरा. हा गाडीच्या खाली बसतो, मागच्या बीमला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, दोन्ही चाकांच्या आर्मना जोडणारा एक आडवा पत्र्याचा तुकडा, एका बाजूने उघडा. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की हा बीम पिळला जातो आणि त्या पिळण्यातूनच गाडीचं कलणं थोडं आवरलं जातं. नवीन बार त्या पिळण्याला अजून विरोध करतो, एवढंच त्याचं काम. साडेसात हजार आणि फिटिंगचे आठशे.

फिटिंगची कथा. पहिल्या गॅरेजवाल्याने (नाव नको) वीस मिनिटांत लावून दिला आणि मी खूश. घरी येईपर्यंत प्रत्येक खड्ड्यात मागून टुक टुक. परत नेली तर म्हणे "साहेब नवीन आहे, सेट होईल". लोखंड कसं सेट होणार? शेवटी दुसऱ्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला तर हँडब्रेकची केबल बारला घासत होती, केबलवरचं रबर एका जागी चकचकीत झालं होतं. अजून महिनाभर तसंच चालवलं असतं तर आतली तारच उघडी पडली असती. त्याने दोन केबल टाय मारून ती वर ओढून बांधली, एक बोल्ट पाव चक्कर ढिला होता तो आवळला, चहाचे पैसे पण घेतले नाहीत. त्यामुळे लावल्यावर पाचशे किलोमीटरला सगळे बोल्ट परत आवळून घ्या, आणि केबल आणि ब्रेकचा पाइप कुठे टेकतोय का ते स्वतः वाकून बघा.

फरक कसा आहे, तर कुंभार्लीला पहिल्याच वळणात कळतो. गाडी कलते पण अर्ध्यात थांबते, नाक आत राहतं, स्टिअरिंग फिरवून पुन्हा फिरवायला लागत नाही. सलग उलटसुलट वळणं असतात तिथे जास्त जाणवतं, गाडी झोपाळ्यासारखी इकडून तिकडे जात नाही. आई हँडल धरते अजून, पण "हळू" दोनदाच म्हणाली.

तोटे पण ऐका. स्पीडब्रेकर सरळ घेतलात तर काहीच फरक नाही कारण दोन्ही चाकं एकदम वर जातात, बीम पिळलाच जात नाही. पण आपण पुण्यात ब्रेकर तिरका घेतो ना, खालून घासू नये म्हणून, तिथे आता मागचे लोक डावी-उजवीकडे हलतात. एका बाजूचा खड्डा असला तरी तेच, एका चाकाचा धक्का बारमधून दुसऱ्या चाकाला पोचतो. सिंहगड रोडवर पावसाळ्यानंतर बायकोने सरळ विचारलं की यासाठी पैसे दिलेत का.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाऊस. मागचा भाग कडक झाला की मागची चाकं पकड लवकर सोडतात. जुलैत ताम्हिणीत ओल्या उतारावर वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला आणि मागची बाजू हलकीशी बाहेर सरकली, जेमतेम वीतभर, पण पोटात गोळा आला. तेव्हा मागचे टायर गुळगुळीत झालेले होते हे पण खरं. नंतर चारही बदलले, आता तसं होत नाही, पण पावसात वेग वळणाआधीच कमी करतो. नवीन चालवणाऱ्याच्या हातात ही गाडी मी देणार नाही.

ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १६३ मिमी, बार बीमच्या खाली फारसा येत नाही, गावच्या लाल मातीच्या रस्त्यावर एकदाच दगड लागला, रंग गेला, गंज सुरू झालाय तिथे. वॉरंटीत गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, नंतर मागच्या सस्पेन्शनचं काहीही निघालं तर बोट बारकडेच दाखवतील.

माझं मत, ७० हजारच्या पुढे रनिंग असेल तर आधी शॉकअप आणि बुश (सांध्यातले रबर) तपासा, टायर बघा. माझ्या गाडीचा डावा मागचा शॉकअप गळत होता, तो बदलल्यावरच अर्धं कलणं कमी झालं होतं, बार त्यानंतर लावला. शहरातच फिरत असाल तर दोन्ही बारच्या नादाला लागू नका. घाट नेहमीचा असेल तर खालचा घ्या, पाचपैकी चार. डिकीतल्याला एक, तोही रंगाला. तो सध्या माळ्यावर पडलाय, पुण्यात कोणाला हवा असेल तर अर्ध्या किमतीत घेऊन जा, बोल्ट सगळे आहेत.